पाणी पिऊन या, बाई

शेवट आधीच सांगून टाकते. मी बरी झाले आहे. शाळेत जाते, पोरांवर ओरडते, संध्याकाळी भाकरी थापते आणि गावात कुणाचं लग्न असलं तर पहिल्याच पंगतीला बसते. हे आधी सांगायचं कारण असं, की आजारी असताना कुणी असलं काही लिहिलेलं हातात दिलं की मी आधी शेवटचं पान उघडायची, बाई जगली की गेली ते बघायला. गेली असेल तर पुढचं वाचायचीच नाही. तुम्ही आत्ता कुठल्या तरी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून हे वाचत असाल, तर तुम्हाला तेवढी पानं उलटायचा त्रास नको.

मी सुजाता. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचं गाव हिवरे बाजारच्या पलीकडे, नगरहून एसटीनं तासाभराच्या आतबाहेर. मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. हे एवढं वाक्य बोलायला माझ्यासारख्या तोंडाळ बाईलाही बरेच दिवस लागले. "पोटाचं काहीतरी झालंय," असंच मी सगळ्यांना सांगत होते. पोटाचं नव्हतं, त्याच्या खालचं होतं. आणि खालचं म्हटलं की आपल्याकडे बायका आवाजही खाली आणतात. मी आणणार नाही.

औषधांची नावं, गोळ्यांच्या वेळा वगैरे इथे सापडणार नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते पाण्याचं. त्यावर माझं जगणं अडलं होतं आणि माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

चावी

पाळी जाऊन बराच काळ झाला होता आणि पुन्हा डाग दिसायला लागले. मी म्हटलं, उष्णता असेल. मग कंबर धरायला लागली, तर म्हटलं शाळेतली खुर्ची वाईट आहे. खुर्ची खरंच वाईट आहे, अजून तीच आहे, पण दोष तिचा नव्हता.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून आतला तुकडा लॅबला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी मी समोर बसलेली असताना त्या म्हणाल्या, "मिस्टरांना आत बोलवा." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आजार मला झालाय ना? मग मलाच सांगा." त्यांनी सांगितलं. आणि एवढा तोरा करून मी अर्धं ऐकलंच नाही. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचं गर्भाशय होतं, डब्यासारखं उघडणारं. बोलता बोलता त्या ते उघडत होत्या, मिटत होत्या, आणि मी त्या झाकणाकडेच बघत बसले होते.

मिलिंद, म्हणजे माझा नवरा, बाहेर मोटरसायकलपाशी उभा होता. नागापूरच्या एमआयडीसीतून कामाची पाळी संपवून तसाच आला होता, कपड्यांना ऑइलचा वास. मी सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आणि किक मारायला लागला. मारतोय, मारतोय, गाडी काही सुरू होईना. शेवटी मीच म्हटलं, "अहो, चावी लावा आधी." तेव्हा तो खाली मुंडी घालून रडला, भर रस्त्यात.

येताना गुऱ्हाळावर थांबलो. त्यानं उसाचा रस घेतला. मी नाही घेतला. घर अजून लांब होतं आणि वाटेत जायचं कुठे, हा हिशोब माझ्या डोक्यात त्या दिवशीही चालूच होता. कॅन्सर झाल्याचं कळून तास झाला नव्हता, पण तो हिशोब काही सुटला नाही.

नगरच्याच कॅन्सर हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नको म्हटलं. रोज रेडिएशन आणि आठवड्यातून एकदा, सोमवारी, केमो. "बरं होण्यासारखं आहे, बाई," ते म्हणाले. "पण खंड पडता कामा नये. ठरलंय तितकं, ठरलंय तसं, रोज." मी म्हटलं, रोज शाळेत जाणाऱ्या बाईला हे काय सांगताय.

आई

मिलिंदला कंपनीत पाळीवर जावं लागायचं, म्हणून माझ्याबरोबर हॉस्पिटलात यायला माहेरून आई आली. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी, आणि तोंडात कॅन्सर हा शब्द नाही. ती त्याला 'त्ये' म्हणायची. "त्ये जाईल गं. येवढं काय न्हाई त्ये." सकाळी बुद्धवंदना म्हणताना मात्र तिचा आवाज मधेच अडकायचा आणि मी स्वयंपाकघरात भांडी वाजवायची, ऐकू आलं नाही असं दाखवायला.

मुलगी प्रज्ञा पुण्याला शिकते. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून मीच तिला येऊ नको म्हटलं. ती आली नाही, म्हणून मग मी रडले. आजारपणात माणूस असं वागतं, घरच्यांनी मनावर घेऊ नये.

धरून ठेवणारी

रेडिएशनच्या आधी स्कॅन काढतात. रक्त कमी म्हणून मी तेव्हा तिथेच दाखल होते. हाताला सलाईन, संडास दोन पावलांवर. मशीनवरचे शेखभाऊ येऊन म्हणाले, "ताई, पाणी प्या आणि लघवी धरून ठेवा. ब्लॅडर भरलेलं पाहिजे."

मला हसूच फुटलं. धरून ठेवा, हे मला सांगायचं! आमच्या शाळेत मुलींसाठी म्हणून जे बांधलंय त्याला कडी नाही, नळ आहे पण पाणी नाही. बाईंसाठी वेगळं असं काहीच नाही. नोकरी लागल्यापासून मी शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत घोटभर पाणी प्यायलेली नाही. टेबलावरची बाटली नुसती शोभेला. मिलिंद चिडवायचा, "भरलेली नेतेस, भरलेली आणतेस. वजन उचलायची हौस आहे का?" अहो, आम्ही बायका धरून ठेवण्यात पदवीधर आहोत!

स्कॅन झाला. शेखभाऊ म्हणाले, "एकदम मस्त भरलंय." रोज मशीनचा नेम तिथेच धरता यावा म्हणून पोटावर आणि दोन्ही कुशींना बारीक निळे ठिपके गोंदले आणि मी सुट्टी घेऊन घरी आले, अगदी शाबासकी मिळवल्यासारखी.

एसटीचा हिशोब

मशीन चालवणारे वेगळे आणि किती किरण कुठून सोडायचे याचा हिशोब करणारे वेगळे, हे मला तिथे कळलं. हिशोब तन्वी मॅडम करायच्या. त्या फिजिसिस्ट. प्रज्ञापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. मी सातवीपर्यंत विज्ञान शिकवते, त्यामुळे गप्प बसवेना. विचारलं, "हे किरण आत जाऊन करतात तरी काय?" दुसरं कुणी असतं तर 'काळजी करू नका' म्हणून वाटेला लावलं असतं. त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"बाई, तुम्ही एसटीनं येणार ना? मग समजा, फोटॉन, म्हणजे किरणांचा एकेक कण, ही एसटी. मशीनमधून अशा अगणित एसट्या तुमच्या पोटाकडे सुटतात. कुठली कुठे थांबेल ते एकेकीचं सांगता येत नाही. थांबली की एक प्रवासी उतरतो, तो इलेक्ट्रॉन. एसटी त्याच्या हातात ऊर्जेची पिशवी देते आणि वाट वाकडी करून पुढे जाते."

"आणि प्रवासी?"

"तो काय थांब्यावरच बसून राहतो का? वस्तीवर चालत जातो. जाता जाता पिशवीतलं सामान थोडं थोडं टेकवत जातो."

"म्हणजे दिलं एका जागी आणि पडलं दुसऱ्या जागी."

"अगदी तेच! आमचा सगळा खटाटोप त्यासाठीच. ऊर्जा कुठे दिली ते वेगळं आणि कुठे पडली ते वेगळं. गाठ मरते ती पडलेल्या ऊर्जेनं. प्रवासी पुढे चालत जातात ना, म्हणून कातडीवर कमी पडते आणि जरा आत गेल्यावर जास्त."

मग त्यांनी माझं पोट दाखवलं. ज्वारीच्या दाण्याएवढे चौकोन पाडले होते त्याचे. कुठल्या चौकोनात हाड, कुठल्यात मांस, कुठे पाणी, कुठे हवा, हे स्कॅननं सांगितलेलं, आणि त्यावरून एकेका चौकोनात किती ऊर्जा पडेल ते काढलेलं. "प्रत्येक चौकोनात?" मी विचारलं. "प्रत्येक." वर्गाच्या वह्या तपासताना ज्या बाईचा जीव मेटाकुटीला येतो, तिनं तिथे हातच जोडले.

गाठीभोवती रंगीत कडी होती, डोंगराला मारलेल्या समतल चरांसारखी एकात एक. तिच्यापुढे एक मोठा थोरला राखाडी गोळा. "हे ब्लॅडर," त्या म्हणाल्या. "भरलंय म्हणून आतडी बघा कशी वर ढकलली गेलीत, किरणांच्या वाटेतून बाजूला. रिकामं झालं तर आतडी खाली उतरतात आणि गाठही जागेवरून सरकते. हिशोब ह्या पोटाचा केलाय, बाई. हेच पोट रोज टेबलावर हवं."

"येईल की," मी म्हटलं. "दुसरं कुठून आणू?"

खाली उतरा

पहिला दिवस सोमवारचा. आधी केमो, मग रेडिएशन. टेबलावर घेतल्यावर मशीन आधी एक फोटो काढतं आणि स्कॅनशी जुळवतं. जुळला. मशीन माझ्याभोवती फिरलं, काही जाणवलंही नाही.

मंगळवारी एसटीनं गेले. बाकड्यावर बसून सांगितलेली बाटली संपवली, सांगितलं तेवढा वेळ बसले. शेखभाऊंनी विचारलं, "ताई, लागलीय का?" मी म्हटलं, "हो." मला खरंच वाटलं की लागलीय. इतकी वर्षं दाबून दाबून लागणं आणि न लागणं यातला फरकच मला कळेनासा झाला होता. फोटो निघाला आणि शेखभाऊ आत आले. "ताई, खाली उतरा. ब्लॅडर रिकामं आहे."

मी म्हटलं, "अहो, अख्खी बाटली प्यायले!"

"असेल ताई. पण दिसत नाही."

पुन्हा पाणी, पुन्हा बाकडं. माझ्या मागच्या बायका पुढे जाऊन घरीही गेल्या, तेव्हा कुठे माझं जमलं. बुधवारी तेच. गुरुवारी तर मशीनची वेळ संपली आणि मला तसंच परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात सोमवार छान गेला आणि मंगळवारपासून पुन्हा तेच रडगाणं. मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, असे दिवस बुडायला लागले तर उपचाराचा जोर कमी पडतो. हे चालायचं नाही."

घरी मिलिंदचा संयम सुटला. "साधं पाणी प्यायचं जमेना तुला?" मी ताटावरून उठले. आईनं माझी भाकरी तेवढी झाकून ठेवली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. मला मरायचं नव्हतं. पाण्यापायी तर मुळीच नव्हतं. आणि मी नेमकं काय चुकतेय, तेच मला कळत नव्हतं.

सोमवार

तन्वी मॅडमनी मला आणि आईला बोलावलं. माझे रोजचे फोटो त्यांनी समोर लावले होते. "बाई, सोमवारी तुमचं पोट स्कॅनसारखंच असतं. मंगळवारपासून रिकामं. सोमवारी वेगळं काय असतं?"

"केमो."

"केमोच्या आधी?"

"सलाईन लावतात. बराच वेळ."

"आणि बाकीच्या दिवशी सकाळपासून इथे येईपर्यंत काय पिता?"

"काहीच नाही. एसटीनं यायचं असतं ना."

त्यांना समजलंच नाही. त्या माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी आई बोलली. "पोरी, वाटंला लागायच्या आदी बाईमानसानं पानी पेयाचं नसतं. वाटंत जायाचं कुठं? मीच शिकवलंय तिला लहानपनी."

तन्वी मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. "मीही नाही पीत, गावी जाताना," त्या हळूच म्हणाल्या. मग खुर्ची ओढून समजावलं. सकाळपासून कोरडं पडलेलं शरीर ती बाटली आधी स्वतःच पिऊन टाकतं, ब्लॅडरपर्यंत काही पोचत नाही. स्कॅनच्या दिवशी मी सलाईनवर होते म्हणून पोट भरलेलं दिसलं. माझं खरं पोट, म्हणजे शाळेत जाणाऱ्या, एसटीनं फिरणाऱ्या सुजाताचं पोट, त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"रिकाम्या ब्लॅडरचा नवा हिशोब करता येईल," त्या म्हणाल्या. "करू आपण, लागला तर. पण मग आतडी वाटेत राहतील. जी ऊर्जा गाठीत पडायला हवी, तिच्यातली काही त्यांच्यात पडेल. त्याचा त्रास पुढे बरीच वर्षं राहू शकतो."

मला असा काही संताप आला म्हणता! त्यांच्यावर नाही, स्वतःवरही नाही. गावापासून नगरपर्यंत बाईला बसायला एक आडोसा नाही, म्हणून मी माझी आतडी भाजून घ्यायची? दाण्यादाण्याचा हिशोब करणारी ही पोरगी, एवढं मोठं मशीन, आणि सगळं अडलंय कुठे, तर न बांधलेल्या चार भिंतींपाशी!

"नको," मी म्हटलं. "हिशोब आहे तोच ठेवा. पोट मी बदलते."

परतीच्या एसटीत आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "माझ्या आज्याला पानी वरनं वतायचे. ओंजळ धरून उभं ऱ्हायचं, दिलं तर दिलं. ते दिस गेले. आता नळ दारात हाय, आन् आपुन बाया तहानेल्याच बसलोय." ती मांडीवरची पिशवी सारखी नीट करत राहिली.

एक घंटी

दुसऱ्या दिवशी उठल्यापासून पाणी प्यायले. चहाआधी तांब्याभर, चहानंतर तांब्याभर. आई माझ्याकडे मी विष पीत असल्यासारखी बघत होती. मिलिंदनं माझी बाटली भरून पिशवीत ठेवली. समेट म्हणायचा तो.

एसटी अर्ध्या वाटेवर आली आणि मला लागली. खरोखरची. रेडिएशननं ब्लॅडर आधीच हुळहुळं झालेलं, त्यात तो रस्ता. तन्वी मॅडमनी सांगितलं होतं, वाटेत लागली तर जाऊन या, शरीर ओलं असलं की इथे येऊन प्यायलेलं लगेच खाली उतरतं. जाऊन या म्हणे! मी पदर आवळला, खिडकीचा गज धरला, आणि मग स्वतःलाच म्हटलं, सुजाता, पुन्हा तेच करतेयस.

कंडक्टर एक बाई होती, मंगल नावाची. मी उठून तिच्यापाशी गेले. "गाडी थांबवा जरा."

"इथं थांबा नाही, बाई."

"मला लघवीला जायचंय."

माझा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आहे. एसटीतही पोचला. पुढच्या सीटवरचे टोपीवाले एक गृहस्थ मान न वळवता म्हणाले, "नगर आलंच की आता. दम धरा जरा."

"दम धरून धरूनच इथवर आले, दादा," मी म्हटलं. "गर्भाशयाला कॅन्सर झालाय मला. आता तुम्ही धरा दम."

मंगलनं दोरी ओढली. एक घंटी. पेट्रोल पंपापाशी गाडी उभी राहिली. तिथल्या संडासाला भलं मोठं कुलूप. पंपावरचा माणूस म्हणाला, "चावी सायबाकडं आसती."

"मग सायबाला बोलव," मंगल खाली उतरून म्हणाली. "चावी आल्याबिगर गाडी हलत न्हाई."

चावी आली. एका लाकडी दांडक्याला बांधलेली, हरवू नये म्हणून. मी आत जाऊन बाहेर आले आणि बघते तर काय, दाराबाहेर रांग! लेकरू कडेवर घेतलेली एक बाई, कॉलेजच्या पोरी, कांदे काढायला निघालेल्या बाया, झाडून सगळ्या उतरल्या होत्या. "थांबलीच हाय गाडी तर..." एक म्हातारी मला म्हणाली आणि हसत सुटली. सगळ्यात शेवटी मंगलनं तिकिटाचं मशीन ड्रायव्हरच्या हातात दिलं. "धर हे." आणि तीही रांगेत. ड्रायव्हरनं मुकाट्यानं इंजिन बंद केलं.

फक्त माझी आई तेवढी गाडीतच बसून होती. "मला न्हाई लागली," ती म्हणाली. "मी प्यालेच न्हाई."

हॉस्पिटलात पोचून बाटली संपवली, बसले, टेबलावर चढले. फोटो निघाला. थोडा वेळ काहीच नाही. मग माइकवर शेखभाऊंचा आवाज आला, "फस्क्लास, ताई! हलू नका, सुरू करतो." मशीन फिरायला लागलं. मी डोळे मिटून त्या सगळ्या एसट्या बघत होते. मनात म्हणत होते, उतरा रे बाबांनो, इथंच उतरा, गाठीपाशी. पिशव्या रिकाम्या करा.

अवघड दिवस

पुढे एकही दिवस बुडाला नाही. सगळं सोपं झालं असं मात्र समजू नका. जुलाब झाले, उलट्या झाल्या, फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळायचं. मिलिंद माझे कपडे धुवायचा आणि कुणाला दिसू नये म्हणून आतल्या दोरीवर वाळत घालायचा. मी ते बाहेर उन्हात घातले. शेवटी शेवटी आतून, म्हणजे खालून नळ्या घालून, द्यायचं रेडिएशन होतं. त्याबद्दल खोटा धीर देणार नाही. लाजही वाटते आणि दुखतंही. भुलीचं आधी विचारा, ठणकावून विचारा. माझा हिशोब करून झाल्यावर तन्वी मॅडम माझ्यापाशी येऊन बसल्या होत्या. त्यांच्या हाताची बोटं गार होती आणि तेवढं बरं वाटत होतं.

एसटी रोज पंपावर थांबू लागली. मंगलची ड्युटी नसली तरी थांबायची, कारण डेपोत बातमी गेली होती. पंपवाल्यानं कुलूप काढलं नाही, पण चावी बाहेर खिळ्याला अडकवली. टोपीवाले दादा एकदा म्हणाले, "बाई, आज उतरत न्हाई का?" मी म्हटलं, "उतरते की!"

शाळेत रुजू झाले तेव्हा ग्रामसभेत उभी राहिले. दरवर्षी गावात पाऊस किती पडला, विहिरीत किती उरलं, याचा ताळेबंद मांडतात. मी म्हटलं, आता एक हिशोब माझाही घ्या, शाळेतल्या मुली दिवसभरात किती पाणी पितात त्याचा. सभेत कुणी हसलं नाही. आता मुलींच्या संडासाला कडी आहे आणि नळाला पाणी आहे. मी वर्गात सगळ्यांसमोर पाणी पिते. "बाई, जाऊ?" म्हणून बोट वर झालं की फळ्याकडून मान न वळवता जा म्हणते.

त्ये

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर फोटो वर करून बघत होते, खाली करून बघत होते. आई शेजारी बसून माझा हात दाबत होती. "काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

मी घाबरले. "म्हणजे फोटो नीट निघाला नाही?"

"फोटो उत्तम निघालाय, बाई. गाठ दिसत नाही. गेली. तपासणीला येत राहायचं, पण आज तुम्ही छान आहात."

मी मिलिंदला फोन लावला. तो म्हणाला, "बरं." मग मागून मशिनींचा आवाज, आणि मग त्यानं अशी काही आरोळी ठोकली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. तन्वी मॅडमना आणि शेखभाऊंना पेढे दिले. शेखभाऊ म्हणाले, "ताई, पाणी प्यायलात?" आणि आम्ही सगळे हसता हसता रडलो.

परतीच्या एसटीला मंगलच होती. मी तिला सांगितलं तर तिनं तिकीट फाडायचं सोडून मला मिठी मारली. आई खिडकीशी बसली. नगर मागे पडलं, शेतं लागली, तरी ती बाहेरच बघत होती. मला वाटलं, रडतेय.

मग माझ्याकडे न बघताच तिनं हात पुढे केला. "दे ती बाटली हिकडं."

"आई, अजून अर्धी वाट बाकी आहे."

"म्हाईत हाय मला."

तिनं झाकण काढलं, बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायला लागली. हनुवटीवरून ओघळ आला, पातळ भिजलं, तरी थांबली नाही. बाटली पार रिकामी करून माझ्या मांडीवर ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"ये मंगल, पंप आला की घंटी मार गं. आज मला जायाचंय."